ब्लोअर बसवण्याआधी : संपीडन गुणोत्तराचा हिशेब



आपल्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांना सध्या कोणत्या विषयाची गोडी आहे असे विचाराल, तर गाड्या हे उत्तर सर्वांत आधी येईल. पेडण्यात विमानतळ आल्यापासून घरोघरी टॅक्सीच्या गोष्टी चालतात. डिचोलीत तर टिपरच्या इंजिनाचा आवाज ऐकतच मुले मोठी झाली. त्यामुळे "सर, जुन्या गाडीला सुपरचार्जर बसवता येतो का?" हा प्रश्न प्रयोगशाळेत वरचेवर येतो. त्याचे खरे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येत नाही, ते एका आकड्यात दडलेले आहे. तो आकडा म्हणजे इंजिनाचे संपीडन गुणोत्तर. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तेथे याला संपीडन अनुपात म्हणत. मराठी पाठ्यपुस्तकात संपीडन गुणोत्तर असते आणि गॅरेजमधले मेस्त्री नुसते "कॉम्प्रेशन" म्हणतात. नावे तीन असली तरी वस्तू एकच. आजचा पाठ तिच्याविषयी आहे. दहावीच्या गणितापलीकडचे यात फारसे काही नाही.

गुणोत्तर म्हणजे काय?

पिस्टन सिलिंडरच्या तळाशी असतो तेव्हा त्याच्यावर जितकी जागा असते, तिला पिस्टन अगदी वर आल्यावर उरलेल्या जागेने भागा. जे उत्तर येईल ते संपीडन गुणोत्तर.

उदाहरण घेऊ. आपल्याकडील बऱ्याच लहान मोटारींचे इंजिन १२०० घन सेंटिमीटरचे असते. चार सिलिंडर धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०० आले. हे ३०० म्हणजे पिस्टनने खालून वर येताना झाडून काढलेली जागा. पिस्टन वर पोहोचल्यावर ज्वलनकक्षात ३३.३ घन सेंटिमीटर जागा उरत असेल, तर एकूण जागा ३३३.३ झाली. ३३३.३ ÷ ३३.३ = १०. या इंजिनाचे गुणोत्तर १० झाले, म्हणजे दहा वाट्या मिश्रण एका वाटीत दाबले गेले.

उलट हिशेबही सोपा आहे. गुणोत्तरातून १ वजा करा आणि त्याने ३०० ला भागा, की कक्षाची जागा मिळते. गुणोत्तर ८.५ हवे असेल तर ३०० ÷ ७.५ = ४० घन सेंटिमीटर. म्हणजे १० वरून ८.५ वर यायला प्रत्येक सिलिंडरमध्ये फक्त ६.७ घन सेंटिमीटर जागा वाढवायची. चहाच्या एका चमच्यात ५ मावतात, म्हणजे हे सव्वा चमच्याहून थोडे अधिक. या सव्वा चमच्यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून असते, ते कसे हे पुढे पाहू.

जास्त दाबण्यात फायदा कोणता?

मिश्रण जितके जास्त दाबाल तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते. ज्वलनानंतर वायूला प्रसरण पावायलाही तितकीच मोठी वाट मिळते आणि धुराबरोबर वाया जाणारी उष्णता कमी होते. आदर्श इंजिनाचा हिशेब केला तर कार्यक्षमता अशी येते :

गुणोत्तर ८ – ५६.५ टक्के
गुणोत्तर ८.५ – ५७.५ टक्के
गुणोत्तर ९ – ५८.५ टक्के
गुणोत्तर १० – ६०.२ टक्के
गुणोत्तर ११ – ६१.७ टक्के

प्रत्यक्ष इंजिनात घर्षण आणि उष्णतेची गळती असल्यामुळे आकडे यापेक्षा बरेच खाली असतात. पण आकड्यांची चाल पाहा. गुणोत्तर जसे वाढते तसा प्रत्येक पुढच्या पायरीचा लाभ घटतो. १० वरून ८.५ वर उतरलो तर ६०.२ चे ५७.५ होतात, म्हणजे शेकडा साडेचार इतकेच नुकसान. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सुपरचार्जर काय करतो?

डिचोलीची पितळी समई प्रसिद्ध आहे. ती घडवणाऱ्या कारागिराच्या भट्टीला भाता असतो. भाता नवी आग निर्माण करत नाही, आगीला जास्त वारा देतो आणि मग तितक्याच जागेत जास्त कोळसा जळतो. सुपरचार्जर हा इंजिनाचा भाता. साधे इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी हवा आत घेईल तेवढीच घेते. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून हवा दाबून आत ढकलतो. टर्बोचार्जर तेच काम करतो, पण त्याला धुराच्या वेगावर फिरणारे चक्र चालवते.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या गॉटलिब डाइमलर यांनी १८८५ मध्येच हवा दाबून भरण्याचे पेटंट घेतले होते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये धुराच्या शक्तीवर चालणाऱ्या टर्बोचे पेटंट घेतले. १९२१ मध्ये मर्सिडीजने सुपरचार्जरच्या मोटारी बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या. आपल्याकडे हे तंत्र सर्वसामान्यांच्या नजरेस पडले ते डिझेल ट्रकमधून. खनिज वाहणाऱ्या टिपरवर "टीसी" किंवा "टीसीआयसी" ही अक्षरे तुम्ही वाचली असतील. "टीसी" म्हणजे टर्बोचार्जर बसवलेला, आणि "आयसी" म्हणजे दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही जोडलेला. ही अक्षरे रोज पाहूनही त्यांचा अर्थ न विचारलेले पुष्कळजण असतील. आज तो विचारला गेला, एवढे तरी या पाठाचे फळ समजा.

मग अडचण कुठे आली?

सायकलला हवा भरताना पंपाच्या तोंडाला हात लावून पाहा, चटका बसतो. हवा दाबली की तापते. सुपरचार्जर इंजिनाच्या बाहेर हवा दाबतो, तेव्हा ती एकदा तापते. तीच हवा सिलिंडरमध्ये पिस्टन पुन्हा दाबतो, तेव्हा ती दुसऱ्यांदा तापते. सगळी गोम या दुहेरी तापण्यात आहे.

आकड्यांनी पाहू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे असे धरू. केल्व्हिनमध्ये ती ३०३ होते. गुणोत्तर १० असेल तर आदर्श हिशेबाने हे तापमान सुमारे अडीच पट होते, म्हणजे ७६१ केल्व्हिन किंवा ४८८ अंश सेल्सिअस. येथे एक महत्त्वाची गोष्ट कळते. आत येणारी हवा १ अंशाने जास्त तापलेली असली, तर दाबण्याच्या शेवटी ती अडीच अंशांनी जास्त तापलेली असते.

आता सुपरचार्जर बसवला आणि हवेचा दाब दीडपट केला. सामान्य ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर हवा ९२ अंशांपर्यंत तापून बाहेर पडते. तीच हवा १० गुणोत्तराच्या सिलिंडरमध्ये गेली तर शेवटचे तापमान ६४४ अंश होते. आधी ४८८ होते, आता ६४४. ठिणगी अजून पडलेलीही नाही.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत मिश्रणातून पुढे सरकत जाते. तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण जळलेल्या वायूमुळे आणखी दाबले जाते. ते आधीच फार तापलेले असेल, तर ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता आपल्या आपणच एकदम पेट घेते. त्या धक्क्याचा खणखण, टकटक असा आवाज येतो. गॅरेजमध्ये त्याला नॉकिंग म्हणतात. थोडे नॉकिंग इंजिन सोसते. जोर लावलेला असताना सतत नॉकिंग होत राहिले तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांमधली भिंत तुटते आणि कधी पिस्टनला भोकही पडते.

पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची ताकद ऑक्टेन अंकाने मोजतात. इंग्लंडचे हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर, गुणोत्तर चालू इंजिनातच बदलता येईल असे खास इंजिन बांधून, कोणते इंधन किती दाब सोसते याचा कसून अभ्यास केला. पुढे पेट्रोलमध्ये शिसे घालून ऑक्टेन वाढवण्याची रीत आली. शिसे मेंदूला घातक असल्यामुळे भारतात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. भारताच्या प्रमाणानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ आणि प्रीमियमचा ९५ ठरवलेला होता. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वदूर पोहोचले. इथेनॉलमुळे ऑक्टेन अंक वाढतो, आणि ते बाष्प होताना मिश्रण थंडही करते. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून इंधन जास्त लागते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वॉशर ते सोसतील काय, हेही पाहावे लागते.

उतरायचे किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दाब दीडपट ठेवायचा आहे आणि पेट्रोल साधे आहे. आपल्या १२०० च्या इंजिनाचे चार पर्याय मांडून पाहू.

पहिला : गुणोत्तर १०, इंटरकूलर नाही. शेवटचे तापमान ६४४ अंश.
दुसरा : गुणोत्तर ८.५, इंटरकूलर नाही. तापमान ५८६ अंश.
तिसरा : गुणोत्तर १०, इंटरकूलरने हवा ५० अंशांवर आणलेली. तापमान ५३८ अंश.
चौथा : गुणोत्तर ८.५ आणि इंटरकूलरही. तापमान ४८७ अंश.

चौथा आकडा पुन्हा वाचा. ४८७ अंश, म्हणजे कंपनीने बनवलेल्या साध्या इंजिनाचे जे ४८८ होते जवळजवळ तेच. भाता लावूनही भट्टी आपल्या मर्यादेत राहिली. दुसरा आणि तिसरा पर्याय पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. गुणोत्तर कमी करण्यापेक्षा हवा थंड करण्याने या उदाहरणात जास्त लाभ झाला. म्हणून इंटरकूलर ही चैन समजू नये, गुणोत्तर ठरवतानाच तो हिशेबात धरावा.

तरीही तापमान म्हणजे सर्व काही नव्हे. दाबही पाहावा लागतो. साध्या इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा दाब बाहेरच्या हवेच्या २५ पट असतो. चौथ्या पर्यायात तो ३० पट होतो, पहिल्यात जवळजवळ ३८ पट. म्हणजे चौथ्या पर्यायातही इंजिनावर ताण वाढलेलाच आहे. ठिणगीची वेळ थोडी मागे घेणे, इंजेक्टरमधून वाढीव हवेला पुरेल इतके पेट्रोल देणे आणि नॉकिंग ओळखणारा सेन्सर चालू ठेवणे, ही तीन कामे तेथेही सुटत नाहीत. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होऊन जास्त तापते.

हे सर्व आकडे आदर्श सूत्राने काढलेले आहेत. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता घेतात, त्यामुळे खरे तापमान कमी असते. पण कोणता पर्याय कोणापेक्षा बरा, हे कळण्यासाठी ते पुरेसे आहेत.

मिळाले किती, गेले किती?

दाब दीडपट आणि हवा ५० अंशांची, तर सिलिंडरमध्ये हवेचे वस्तुमान सुमारे ४१ टक्के वाढते. इंटरकूलर नसेल तर हवा तापून विरळ होते आणि वाढ २५ टक्क्यांवरच थांबते. चौथ्या पर्यायात ४१ टक्के मिळाले, गुणोत्तर उतरवल्यामुळे साडेचार टक्के गेले, ब्लोअर फिरवायला पट्ट्यावाटे आणखी ७-८ टक्के गेले. हातात राहिले जवळजवळ पाव पट. साडेचार टक्के सोडून पाव पट मिळणे हा तोट्याचा व्यवहार नव्हे. म्हणूनच सुपरचार्जरसाठी इंजिन बांधणारे गुणोत्तर उतरवतात.

हा हिशेब खऱ्या गाडीवर पडताळून पाहू. १९९० च्या दशकात मर्सिडीजचे २.३ लिटरचे एक पेट्रोल इंजिन दोन रूपांत मिळत असे. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाचे गुणोत्तर १०.४ आणि शक्ती १५० अश्वशक्ती होती. सुपरचार्जर असलेल्याचे गुणोत्तर ८.८ आणि शक्ती १९३ अश्वशक्ती. वाढ सुमारे २९ टक्के, आपल्या वहीतल्या हिशेबाच्या अगदी जवळ. त्याच कंपनीच्या "कॉम्प्रेसर" नावाच्या मोटारी पुढे पुण्यातही जुळवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या २७ लिटरच्या मर्लिन इंजिनाचे गुणोत्तर तर फक्त ६ होते, कारण त्याचा सुपरचार्जर फार जोराने हवा भरत असे.

याउलट आजच्या टर्बो पेट्रोल मोटारींत १० किंवा १०.५ गुणोत्तरही आढळते. मग हे कसे? तेथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि आतल्या आत बाष्प होऊन हवा थंड करते. संगणक प्रत्येक ठिणगीची वेळ सांभाळतो. पिस्टन, झडपा आणि पाण्याच्या वाटा पहिल्यापासून त्यासाठीच घडवलेल्या असतात. नव्या गाडीचा आकडा पाहून जुन्या गाडीला तोच लावणे म्हणजे शेजाऱ्याचे माप देऊन आपला सदरा शिवून घेणे.

डिझेलचा न्याय वेगळा

टिपरवाल्यांच्या मुलांना येथे शंका येईल : "आमच्या ट्रकचे गुणोत्तर १७ आणि वर टर्बो, तो कसा टिकतो?" शंका रास्त आहे. डिझेल इंजिनात फक्त हवा दाबली जाते, इंधन शेवटी फवारले जाते. आधी पेटायला आत इंधनच नसते. उलट हवा तापलेली असावी लागते, कारण तिच्याच उष्णतेने डिझेल पेटते. तरी तेथेही तोच कल दिसतो. पूर्वीच्या साध्या लहान डिझेल मोटारींत गुणोत्तर २२ च्या आसपास असे. टर्बो आल्यावर ते १६ ते १८ वर उतरले. पुण्याजवळ रांजणगावात २०२० पर्यंत बनलेल्या १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनाचे १७.६ होते. तेथे नॉकिंगची भीती नसते, पण दाब फार चढला तर इंजिन जड आणि महाग बांधावे लागते, आणि प्रदूषण करणारे नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. फार उतरवावे तर थंडीत पहाटे इंजिन चालू होत नाही. दोन्ही बाजूंना दोर ताणलेला असतो, मधली जागा शोधायची असते.

चोर्ला घाट हाच परीक्षक

आपल्या भागात या हिशेबात आणखी दोन गोष्टी मिळवाव्या लागतात : ऊन आणि घाट. डिचोलीहून साखळी, केरीमार्गे बेळगावला जाताना चोर्ला घाटात आपण सुमारे ८०० मीटर चढतो. तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ९ टक्के कमी असतो. साधे इंजिन तितकेच मंद पडते. पट्ट्यावरचा सुपरचार्जरही आत येते तीच विरळ हवा दाबतो, म्हणून तोही मंद पडतो. टर्बो मात्र अधिक वेगाने फिरून ही तूट भरून काढू शकतो.

दाब कमी म्हणजे नॉकिंग कमी, असे वाटेल. पण घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण जोर लावून, सावकाश चढत असते. समोरून वारा कमी मिळतो. बॉनेटखाली उष्णता साठते आणि इंटरकूलर स्वतःच तापतो. तीस अंशांची हवा आत येताना साठ अंशांची होते, आणि १ अंशाचे अडीच अंश हा नियम आपण पाहिलाच आहे. म्हणून गुणोत्तर ठरवायचे ते म्हापशाच्या सपाट रस्त्यावर जानेवारीच्या सकाळी गाडी कशी पळते यावरून नव्हे. मे महिन्याच्या दुपारी, चार माणसे बसवून, चोर्ल्याच्या चढावर ती कशी राहील यावरून ठरवायचे.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याने हीच गोष्ट किंमत देऊन शिकली. त्याने कर्ज काढून जुनी मोटार घेतली आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये तिच्यावर ब्लोअर बसवून घेतला. गुणोत्तर होते तेच ठेवले, इंटरकूलर नंतर बघू म्हणाला. सपाटीवर गाडी छान पळाली. बेळगावच्या दुसऱ्या खेपेला घाटात आवाज आला. गाणी मोठ्याने लावलेली होती, त्यात तो कळला नाही. दोन पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तुटल्या. मुलगा हुशार आणि कष्टाळू आहे, त्याच्या हाताला दोष नव्हता. पण वहीत चार ओळींचा हिशेब कोणी मांडला नाही आणि गाडी बंद असतानाही हप्ते मात्र चालू राहिले. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे. "मुलांना सांगा, सर," असे त्याचेच म्हणणे आहे.

टिपरच्या कर्जाचे ओझे डिचोलीतील घरांनी २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यावर सोसलेले आहे. ते संकट आपल्या हातात नव्हते. इंजिनाचा हिशेब मात्र आपल्या हातात आहे.

गुणोत्तर उतरवायचे कसे?

सर्वांत स्वस्त उपाय म्हणून पुष्कळजण हेडखाली जाड गॅस्केट घालायला सांगतात. आपल्या उदाहरणात सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटर धरला तर ६.७ घन सेंटिमीटर जागेसाठी १.६ मिलिमीटर अधिक जाडी लागेल. पिस्टन वर आल्यावर त्याच्या कडेला आणि हेडच्या सपाट भागात साधारण १ मिलिमीटर फट असते. तिच्यातून मिश्रण मध्यभागी जोराने फेकले जाते, चांगले घुसळते आणि लवकर जळते. ही फट अडीच मिलिमीटर केली तर घुसळणे थांबते, ज्योत मंदावते आणि नॉकिंगला उलट वेळ मिळतो. ज्यासाठी गुणोत्तर उतरवले तेच निम्मे वाया जाते. म्हणून माथ्यावर वाटीसारखा खोलगट भाग असलेले मजबूत पिस्टन घालणे हा बरा मार्ग. त्याला खर्च आहे, आणि तो खर्च आधीच धरायचा असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इंजिनालाही लागू पडते.

खर्च परवडत नसेल तर दुसरी वाट आहे : गुणोत्तर तसेच ठेवून दाबच कमी घेणे. दीडपट ऐवजी सव्वापट दाब आणि सोबत इंटरकूलर. शक्ती कमी वाढेल, पण इंजिन राहील.

पालकांसाठी दोन शब्द

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू स्पष्ट केली. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला ब्लोअर लावण्याचा हट्ट मुलाने धरला, तर हिशेबाआधी कायदा दाखवा. विम्याच्या दाव्याच्या वेळीही असा बदल अंगाशी येतो.

पण मुलाची हौस मारू नका, तिला वाट द्या. डिचोली आणि पेडण्याला आयटीआय आहे, डिचोलीला सरकारी तंत्रनिकेतन आहे. पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था इंजिने चाचणीमंचावर चढवून तपासते, आणि गुणोत्तर, दाब, धूर यांचे हिशेब करणे हाच तेथील माणसांचा रोजचा व्यवसाय आहे. ज्याला आज ब्लोअरचे वेड आहे, तो उद्या तेथे का नसावा? त्यासाठी गणिताच्या तासाला घातांक आणि विज्ञानाच्या तासाला वायूंचे नियम मन लावून शिकावे लागतात. हे धडे परीक्षेपुरते नसतात, ही गोष्ट घरातूनही सांगितली गेली तर शाळेचे काम हलके होईल.

स्वाध्याय

१. ३०० घन सेंटिमीटरच्या सिलिंडरचे गुणोत्तर ९ करायचे आहे. ज्वलनकक्षाची जागा किती ठेवावी? (उत्तर ३७.५ आले तर पाठ समजला.)

२. १० मिलिलिटरची सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. दट्ट्या १० वर ओढा, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या ५ पर्यंत दाबा. गुणोत्तर किती झाले? आणखी किती दाबता येते ते पाहा आणि बोटाला काय जाणवते ते लिहा.

३. हवा ३० ऐवजी ४० अंशांची आत आली, तर १० गुणोत्तराच्या इंजिनात शेवटचे तापमान किती अंशांनी वाढेल?

४. घरी किंवा शेजारी गाडी असेल तर तिच्या माहितीपुस्तिकेत संपीडन गुणोत्तर शोधा. गाडी पेट्रोलची की डिझेलची, टर्बो आहे की नाही, हे सोबत लिहा. सर्वांचे आकडे एकत्र करून आपण विज्ञान कक्षात तक्ता लावू, आणि टर्बो नसलेल्या गाड्यांचे आकडे कोणत्या बाजूला जमा होतात ते सगळे मिळून पाहू.